चाचणी फोनची झाली, आपली कधी?

मैत्रिणींनो, 15 सप्टेंबर 2023 चा शुक्रवार आठवतोय? गणपती चार दिवसांवर आले होते. दुपारी बाराच्या सुमारास आमच्या बचत गटाची बैठक चालली होती, आणि एकाएकी सगळ्यांचे मोबाईल किंचाळायला लागले. "अगं बया, फुटतोय का काय ह्यो!" म्हणत आमच्या आक्कांनी फोन सतरंजीवरच टाकला. मेसेज इंग्रजीत. कॉलेजातल्या एका पोरीने वाचून सांगितला. केंद्राच्या दूरसंचार विभागाची ही चाचणी आहे, तुम्ही काही करायचं नाही, दुर्लक्ष करा!

आम्ही हसलो नि विसरलो. एकदोघींनी मात्र घरी गेल्यावर मुलांकडून तो आवाज कायमचा बंद करून घेतला. मला खटकलं ते हेच.

हा साधा एसएमएस नव्हे. टॉवरच्या टप्प्यातल्या फोनवर तो एकाच वेळी जातो. त्याला नंबर लागत नाही, इंटरनेट लागत नाही. पूर, वादळ आलं तर इशारा असा झटकन पोचावा, म्हणून राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणासाठी केलेली ही तालीम होती. आपल्या वेदगंगेकाठी इशाऱ्याची किंमत कुणी वेगळी सांगायला नको. 2005, 2019 आणि 2021 चे पूर आपण विसरलेलो नाही.

पण यंत्राची परीक्षा झाली, आपली झाली का? कितीतरी घरांत चांगला फोन एकच, तोही मालकांच्या खिशात. ते शेतावर किंवा कामावर. घरात आपण, सासूबाई, पोरं आणि गोठ्यातली जनावरं. मग इशारा मिळणार कुणाला? मिळाला तरी आधी काय उचलायचं? म्हशीचं दावं कोण सोडणार? जायचं कुठं? हे पाणी उंबऱ्याला लागल्यावर ठरवायचं नसतं.

सरकारलाही एक सांगणं आहे. चाचण्या जरूर घ्या, पण आदल्या दिवशी घंटागाडीवरून गावाला सांगा, आणि मेसेज मराठीत पाठवा. नाहीतर 'लांडगा आला रे आला' व्हायचं आणि खरा इशाराही पोरखेळ ठरायचा.

आमच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा करण्याआधी आम्ही एकच काम केलं. बंद केलेले आवाज पुन्हा चालू केले, आणि ज्यांच्याकडे फोन नाही त्यांना हाक कुणी मारायची, ते वाटून घेतलं. आक्कांना हाक मारायचं काम माझ्याकडे आलंय. तुमच्या गल्लीत ते कुणाकडे आहे?