दंड भरला, प्रायश्चित्ताचे काय?

मद्यप्राशन करून वाहन चालविणाऱ्याला न्यायालयाने दोषी ठरविले की बातमी संपते. दुसऱ्या दिवसापासून काय घडते, याकडे कोणाचेच लक्ष नसते. दंडाची पावती खिशात घालून बाहेर पडलेला तो गृहस्थ पुन्हा रस्त्यावर केव्हा येतो, त्याचा परवाना त्याला कोणत्या कसोटीवर परत मिळतो, त्याच्या मोटारीचा विमा पुढील वर्षी कोणत्या दराने उतरविला जातो, हे प्रश्न वरकरणी रुक्ष आणि कार्यालयीन वाटतात. परंतु पदपथावरून चालणाऱ्या सामान्य माणसाचे जीवित याच रुक्ष प्रश्नांच्या उत्तरांवर अवलंबून असते.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगर येथे एका भरधाव मोटारीने दोन तरुण संगणक अभियंत्यांचा बळी घेतला. अल्पवयीन आरोपीला तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर जामीन मिळाला आणि अवघा महाराष्ट्र संतप्त झाला. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. तो संताप रास्तच होता. पण संताप हा प्रसंगाचा असतो आणि व्यवस्था ही रोजची असते. वृत्तपत्रांत कधीच न झळकणारे, नाकाबंदीत सापडणारे, दंड भरून घरी जाणारे असंख्य मद्यपी चालक आपल्या अवतीभवती आहेत. त्यांचे पुढे आपण काय करतो?

कागदावर आपला कायदा मुळीच सौम्य नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ नुसार शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळला की गुन्हा होतो. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत हीच मर्यादा ऐंशी मिलिग्रॅम आहे. एकट्या यूटा राज्याने ती २०१८ च्या अखेरीस पन्नासवर आणली. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी आपल्याकडे पहिल्या गुन्ह्याला दोन हजार रुपयांपर्यंत दंड होता, तो दहा हजार झाला; दुसऱ्या गुन्ह्याला पंधरा हजार. कारावासाची तरतूद आधीपासूनच आहे, पहिल्या खेपेला सहा महिन्यांपर्यंत आणि पुढील खेपेला दोन वर्षांपर्यंत. हा गुन्हा चौकातल्या चौकात तडजोडीने मिटविता येत नाही, न्यायालयात उभे राहावेच लागते.

मग उणीव कोठे आहे? २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी मद्यपानामुळे झालेले मृत्यू सरकारी नोंदीनुसार जेमतेम अडीच टक्के. अमेरिकेत २०२३ साली मद्यधुंद चालकांमुळे झालेल्या अपघातांत १२,४२९ जण दगावले; तेथील एकूण रस्ते-मृत्यूंच्या हे प्रमाण सुमारे तीस टक्के. या आकड्यांवरून भारतीय चालक अमेरिकन चालकाच्या कितीतरी पट संयमी आहे, असा निष्कर्ष काढून कोणी पाठ थोपटून घेईल, तर ती आत्मवंचना ठरेल. आपल्या नोंदीत सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंचे कारण ‘अतिवेग’ असे एका शब्दात नोंदविले जाते. चालकाने वेग का वाढविला, त्याच्या पोटात काय होते, याची तपासणी वेळेवर झालीच नाही तर नोंद होणार कशी? न तपासलेला रोग हा नसलेला रोग नव्हे.

परवाना परत मिळतो कसा?

सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या, न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील रस्तासुरक्षा समितीने ऑगस्ट २०१५ मध्ये सर्व राज्यांना स्पष्ट निर्देश दिले होते, की मद्यपी चालकाचा परवाना किमान तीन महिन्यांसाठी निलंबित करावा. २०१९ च्या दुरुस्तीने याच विचाराला कायद्याचे रूप दिले. कलम १९ मधील नव्या तरतुदींनुसार पहिल्या गुन्ह्याला तीन महिने अपात्रता आणि पुन्हा गुन्हा केल्यास परवाना रद्द. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, निलंबनाची मुदत संपली म्हणून परवाना आपोआप परत मिळणार नाही. चालकाने उजळणी प्रशिक्षण यशस्वीपणे पूर्ण केले तरच तो मिळेल, असे कायदा सांगतो.

ही तरतूद मूलगामी आहे. परवाना हा हक्क नसून समाजाने दाखविलेला विश्वास आहे, हे तत्त्व तिच्यात आहे. मोडलेला विश्वास केवळ कालावधी उलटल्याने सांधला जात नाही. तो पुन्हा संपादन करावा लागतो. पण हे प्रशिक्षण म्हणजे वाहनचालक शाळेतील एक सही आणि एक शिक्का एवढेच उरले, तर तत्त्व कागदावर राहील आणि मद्यपी रस्त्यावर येईल. गिअर कसा टाकावा हे त्याला ठाऊकच असते. त्याला शिकवायचे आहे ते पेला हातात असताना किल्ली दुसऱ्याच्या हाती देणे. त्यासाठी व्यसनमुक्तीचे समुपदेशन हवे आणि अपघातात घरातला कर्ता गमावलेल्या कुटुंबाचे म्हणणे त्याच्या कानी पडायला हवे.

विम्याचे अंधत्व

आता विम्याकडे वळू. आपल्याकडे त्रयस्थ पक्षाचा विमा प्रत्येक वाहनाला सक्तीचा आहे आणि त्याचा दर सरकार ठरविते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात एक हजार ते दीड हजार घनक्षमतेच्या खासगी मोटारीचा वार्षिक हप्ता ३,४१६ रुपये होता. हा दर कशावर ठरतो? इंजिनच्या घनक्षमतेवर. चाकामागे कोण बसतो, याचा त्यात विचारच नाही. तीस वर्षे निष्कलंक वाहन चालविणारे निवृत्त शिक्षक आणि दोनदा दोषी ठरलेला मद्यपी यांची मोटार एकाच घनक्षमतेची असेल, तर दोघांनी सारखाच हप्ता भरावयाचा!

वाहनाच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात तर याहून विचित्र न्याय आहे. तेथे दावा न करणाऱ्याला ‘नो क्लेम बोनस’ मिळतो. वीस टक्क्यांपासून सुरू होऊन तो पन्नास टक्क्यांपर्यंत चढतो. पावसाळ्यात उभ्या मोटारीवर झाड कोसळले आणि मालकाने दावा केला, तर त्याची ही सवलत जाते. उलट नाकाबंदीत झिंगलेल्या अवस्थेत पकडला गेलेला चालक, अपघात झाला नाही एवढ्याच कारणाने, सवलत अबाधित राखतो. निसर्गाच्या कोपाला शिक्षा आणि माणसाच्या मस्तीला बक्षीस, असा हा प्रकार आहे.

याची जाणीव विमाक्षेत्राला नाही असे नव्हे. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाच्या एका कार्यगटाने जानेवारी २०२१ मध्ये वाहतूक नियमभंगाचा स्वतंत्र हप्ता आकारण्याची शिफारस केली होती. चुकीच्या जागी वाहन उभे करण्यास दहा गुण, तर मद्यपान करून चालविण्यास शंभर गुण, अशी तिची रचना होती. प्रथम दिल्ली परिसरात प्रयोग करावा, असेही सुचविले होते. ती सूचना सर्वसामान्यांच्या विमापत्रात आजवर उतरलेली नाही.

न्यायालये मात्र आपल्या परीने मार्ग काढीत आहेत. दिल्लीत २००७ साली इंडिया गेटजवळ एका अतिमहागड्या मोटारीचा अपघात झाला. चालक मद्याच्या अमलाखाली असल्याचे कारण देऊन विमा कंपनीने भरपाई नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये कंपनीचा नकार योग्य ठरविला. स्वतःच्या मस्तीची किंमत स्वतःच भरावी, हे योग्यच झाले. पण रस्त्यावर चिरडल्या गेलेल्या निरपराधाचे काय? २०१९ च्या दुरुस्तीने विमा कंपनीच्या बचावाच्या कारणांत मद्यपानाचाही समावेश केला. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ साली निःसंदिग्ध भूमिका घेतली, की कंपनीने पीडिताला आधी भरपाई द्यावी आणि मग ती वाहनमालक व चालकाकडून वसूल करावी. हीच न्यायाची वाट आहे. मद्यपी पिणार आणि त्याचा भुर्दंड एखाद्या विधवेने सोसायचा, हे कोणत्याही सभ्य समाजाला शोभणारे नाही.

परदेशातले काय घ्यावे?

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात आज मोठ्या संख्येने मराठी कुटुंबे आहेत. तेथील रीत पाहण्याजोगी आहे. पकडलेल्या चालकाचा परवाना पोलीस अधिकारी जागेवरच काढून घेतो. न्यायालयाचा निकाल लागण्यापूर्वीच वाहन विभाग पहिल्या गुन्ह्याला चार महिन्यांचे निलंबन लागू करतो. दोषी ठरल्यावर किमान तीन महिन्यांचा मद्यपानविषयक अभ्यासक्रम त्याला पूर्ण करावा लागतो; रक्तातील मद्यार्क फारच अधिक असेल तर नऊ महिन्यांचा. आणि मग येतो विमा. ‘एसआर-२२’ नावाचे प्रमाणपत्र त्याच्या विमा कंपनीने थेट सरकारला सादर करावे लागते आणि ते तीन वर्षे अखंड चालू ठेवावे लागते. मधेच हप्ता चुकला आणि विमा बंद पडला, तर कंपनीच सरकारला कळविते आणि परवाना पुन्हा निलंबित होतो. उत्तम चालकाला मिळणारी किमान वीस टक्क्यांची सवलत अशा माणसाला दहा वर्षे मिळत नाही. कोणतीच कंपनी त्याला दारात उभे करीत नसेल, तर राज्याची एक स्वतंत्र योजना त्याला किमान विमा मिळवून देते. अर्थात चढ्या दराने. परदेशी नागरिकाला आणखी एक धडा मिळतो. २०१५ पासून अमेरिकेचे परराष्ट्र खाते मद्यपी चालक म्हणून केवळ अटक झाली तरी व्हिसा रद्द करू शकते. आईवडिलांनी कर्ज काढून पाठविलेल्या मुलाने एका रात्रीच्या मौजेपायी हे ओढवून घ्यावे काय?

अमेरिका आपला आदर्श नव्हे. एवढा बंदोबस्त असूनही तेथे किती बळी जातात, ते वर आलेच आहे. पण एक गोष्ट तेथून निश्चित शिकावी: परवाना आणि विमा या दोन स्वतंत्र खिडक्या न ठेवता त्यांची एकमेकांशी गाठ मारली, तर दोषी माणसाला पळवाट उरत नाही.

आपल्याकडे ही गाठ मारणे अशक्य नाही. परवान्यांची नोंद ‘सारथी’ प्रणालीत आहे, वाहनांची आणि त्यांच्या विम्याची ‘वाहन’ प्रणालीत आहे, ई-चलानही संगणकावर आहे. या नोंदी परस्परांशी जोडून दोषसिद्ध चालकाचा परवाना परत देताना वैध विम्याचे प्रमाणपत्र मागावे आणि ते तीन वर्षे तपासत राहावे. वाढीव हप्ता त्याच्याकडूनच घ्यावा आणि नियम पाळणाऱ्याचा भार तेवढा हलका करावा.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की आपल्याकडे विमा वाहनाचा असतो, चालकाचा नव्हे. मालक एक आणि चालक दुसरा. आक्षेप खरा आहे. म्हणूनच भार वाहनावर न टाकता परवान्यावर टाकावा. श्रीमंत माणूस परवाना गेला तरी पगारी चालक ठेवतो. मालमोटार चालविणाऱ्याची मात्र चूल विझते. तेव्हा गरीब चालकासाठी शिक्षेत सवलत नको, पण व्यसनमुक्ती आणि प्रशिक्षण विनामूल्य हवे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. देशातील निम्म्याहून अधिक वाहने विम्याविना धावतात, असे संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीच्या २०२४ च्या अहवालात नमूद आहे. हप्ता वाढविला तर दोषी माणूस विमाच काढणार नाही! मात्र यावर उपाय हप्ता न वाढविणे हा नसून विमा नसलेले वाहन रस्त्यावर न येऊ देणे हा आहे.

या सर्व तांत्रिक चर्चेच्या मुळाशी एक जुना, आपलाच विचार आहे. आपल्या स्मृतिकारांनी दंड आणि प्रायश्चित्त यांत भेद केला. दंड राजाने द्यावयाचा. प्रायश्चित्त दोषी माणसाने स्वतः आचरावयाचे आणि त्यानंतरच समाजात पुन्हा व्यवहारयोग्य व्हावयाचे. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या आपल्या इतिहासाच्या चौथ्या खंडात या विषयाचा सविस्तर परामर्श घेतला आहे. अजाणता घडलेल्या पातकाहून जाणूनबुजून केलेले पातक अधिक गुरू, हेही शास्त्रकारांनी सांगून ठेवले. मद्य पिऊन मोटारीची किल्ली उचलणारा हात अजाण नसतो. आणि पंचमहापातकांत सुरापानाची गणना करणाऱ्या स्मृतिकारांनी पाचवे महापातक कोणते सांगितले? अशा पातक्याचा संसर्ग! मित्र झिंगलेला आहे हे दिसत असूनही त्याच्या शेजारी निमूटपणे जाऊन बसणाऱ्यांनी, आणि मेजवानीनंतर पाहुण्याच्या हाती किल्ली देऊन त्याला हसतमुखाने निरोप देणाऱ्या यजमानांनी हे विसरू नये.

आपण दंडाची रक्कम वाढविली, पण प्रायश्चित्ताची व्यवस्था उभी केली नाही. ज्याने एकदा दुसऱ्याच्या जिवाशी खेळ केला, त्याला परत येण्याचा मार्ग अवश्य असावा. तो बंद करणे ही आपली परंपरा नव्हे. पण त्या मार्गावर त्याला अनवाणी चालावे लागले पाहिजे. परिवहन खाते, विमा कंपन्या आणि न्यायालये यांनी एकत्र बसून हा मार्ग आखावा, यासाठी राज्यकर्त्यांवर दबाव आणणे हे जागरूक नागरिकांचे काम आहे. आणि आपल्या घरातून रात्री बाहेर पडणाऱ्या मोटारीची किल्ली कोणाच्या हातात आहे, हे पाहण्यासाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.