बॅटरीची पत्रिका

मुलीसाठी स्थळ बघताना मराठी माणूस मुलाची आत्या कोणत्या घरी दिली आहे इथपर्यंत चौकशी करतो. तोच माणूस गाडीची बॅटरी घ्यायला गेला की म्हणतो, "द्या हो कुठलीतरी चांगली!" 'कुठलीतरी चांगली' या जातीची बॅटरी जगात कोणीही बनवत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुकानदार मग विचारतो, "किती महिन्यांची देऊ?" जणू काही भिशीच लावायची आहे! तेवढ्यात बरोबर आलेले जाणकार शेजारी मांडी थोपटतात, "मोठी टाका! हाफ सेल्फला उठेल."

अहो, कशाला मोठी? स्टार्टर आपल्याला लागेल तेवढाच करंट ओढतो. पातेलं मोठं आणलं म्हणून पाहुणा चार पोळ्या जास्त खात नाही. गाडी १२ व्होल्टची ती १२ व्होल्टचीच राहते. मोठी बॅटरी ट्रेमध्ये नीट बसली नाही, तर मात्र प्रत्येक खड्ड्याला आत हादरते. आणि खड्ड्यांच्या बाबतीत आपण स्वयंपूर्ण आहोत.

वास्तविक बऱ्याच बॅटऱ्यांच्या अंगावरच पत्रिका छापलेली असते. बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांना चालणारी '३८ बी २० एल' घ्या. ३८ हा ताकदीचा दर्जा, बी हा रुंदी-उंचीचा गट, २० म्हणजे सेंटिमीटरमध्ये अंदाजे लांबी आणि एल म्हणजे टर्मिनल कुठल्या अंगाला ते. एलच्या जागी आर आणलीत तर वायर पोचत नाही. ओढूनताणून पोचवलीत आणि उलटी जोडलीत, तर फ्यूजचं तेरावं घालावं लागतं.

सिग्नलला आपोआप बंद पडून पुन्हा चालू होणारी गाडी असेल, तर तिला ईएफबी किंवा एजीएम जातीचीच बॅटरी हवी. साधी घातली तर दिवसातून पन्नास वेळा उठाबशा काढून ती लवकरच राम म्हणते. उलट, साध्या गाडीला एजीएम घेणं म्हणजे वरणभाताला चांदीचं ताट. भाताची चव तीच.

'सीसीए' हा थंडीत गाडी उठवण्याच्या ताकदीचा आकडा उणे १८ अंशांवर मोजतात. नागपूरकराने त्यासाठी जादा पैसे का मोजावेत? आपल्याकडे बॅटरी मरते ती उन्हाने. त्यापेक्षा बॅटरी कधी बनली ती तारीख बघा. दुकानात महिनोन् महिने पडून ती आपोआप उतरत असते.

राहता राहिली वॉरंटी. जन्मभर बँकेत व्याजाचे आकडे मोजणारा माणूस म्हणून सांगतो, ३६ महिन्यांतले फुकट बदलीचे किती, ते आधी विचारा. कित्येकदा १८ च असतात. उरलेले 'प्रो-राटा', म्हणजे नव्या बॅटरीवर वयोमानानुसार सूट; आणि तीही बहुधा छापील किमतीवर, जी एरवी कोणीच देत नाही! जुनी बॅटरी मात्र फुकट सोडू नका. तिच्यातल्या शिशाला भाव असतो.

तेव्हा गाडीचं पुस्तक काखोटीला मारून जा आणि हे सगळं विचारा. दुकानदार कंटाळेल, तर खुशाल कंटाळू द्या. मुलीचं लग्न एकदाच असतं. बॅटरीचं दर तीन-चार वर्षांनी लावावं लागतं, आणि दर वेळी हुंडा आपणच द्यायचा असतो.