तोफा मेकॅनिकलच्या, कान ईएक्सटीसीचे

मालाड स्टेशनबाहेर २७२ नंबरची बस पकडून मार्वेला आपण सगळेच कधी ना कधी गेलोय. सबमिशन संपलं की दुसरं जाणार तरी कुठे? त्याच रस्त्यावर नौदलाचं ठाणं लागतं, आयएनएस हमला. तिथे आज लॉजिस्टिक्सचं शिक्षण देतात, म्हणजे साठा, हिशेब, स्वयंपाकघर. मग नाव एवढं आक्रमक का? कारण दुसऱ्या महायुद्धात हमला हे लँडिंग क्राफ्टवाल्यांचं ठाणं होतं. लँडिंग क्राफ्ट म्हणजे सपाट बुडाची बोट. सैनिकांना घेऊन थेट वाळूला लागते आणि पुढची फळी खाली पाडते.

आमच्या हॉस्टेलवर असा विषय निघाला की मेकॅनिकलवाले तोफांवर सुरू होतात. किती इंची, किती मैल मारा! मी ईएक्सटीसीची, त्यामुळे पक्षपाती आहे हे मान्य. पण माझं मत असं, की शत्रूच्या किनाऱ्यावर उतरताना तोफेआधी वायरलेस चालू राहिला पाहिजे.

नोव्हेंबर १९४२ चं उदाहरण घ्या. मोरोक्कोत अमेरिकन सैन्य उतरत होतं. ॲडमिरल हेविट आणि जनरल पॅटन दोघेही ऑगस्टा या क्रूझरवर होते. समोरून फ्रेंच जहाजं आली आणि ऑगस्टालाच लढावं लागलं. तिच्याच तोफांच्या दणक्याने पॅटनची बोट सामानासकट फुटली. सैन्य वाळूत आणि सेनापती कित्येक तास जहाजावर अडकलेला! धडा सरळ होता, सूत्रं हलवणारं जहाज लढाईत गुंतवू नये. १९४३ मध्ये अमेरिकेने अँकन या प्रवासी जहाजाचं कमांड शिप केलं. पुढे १९७० मध्ये खास याच कामासाठी बांधलेलं ब्लू रिज आलं. त्याचा डेक बराचसा मोकळा ठेवला, कारण अँटेनांनी एकमेकींना त्रास देऊ नये. आपल्या लॅबमधला इंटरफिअरन्सच, फक्त जहाजाएवढा!

आता आपल्याकडे बघू. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्तीच्या वेळी कारवारजवळच्या अंजदीव बेटावर आपले नौसैनिक उतरले. बेट एवढंसं, तरी ७ जण शहीद झाले. पाणी आणि वाळू यांच्यामधली ती काही मिनिटं इतकी महाग असतात.

आज या कामाचं मोठं जहाज आपल्याकडे एकच, आयएनएस जलाश्व. १९७१ पासून अमेरिकेच्या सेवेत असलेलं हे जहाज आपण २००७ मध्ये घेतलं. मे २०२० मध्ये याच जहाजाने मालदीवहून ६९८ भारतीयांना कोचीला आणलं. पण ते मुळात सैन्य वाहून नेण्यासाठी बांधलेलं आणि आता पन्नाशी उलटलेलं. तशा चार नव्या जहाजांसाठी २०१३ मध्ये टेंडर निघालं, २०२० मध्ये रद्द झालं आणि २०२१ मध्ये गाडी परत माहिती मागवण्यापासून सुरू झाली.

कोणी म्हणेल, आपल्याला कुठे कोणावर चढाई करायचीय? बरोबर आहे. पण अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप आपलेच आहेत ना? २००४ च्या त्सुनामीसारखी वेळ आली आणि बेटावरची जेटीच वाहून गेली, तर मदतही वाळूवरच उतरवावी लागेल. तेव्हा कुठे काय पाठवायचं हे ठरवणारी खोली समुद्रातच हवी.

म्हणून ही जहाजं लवकर बांधा, आणि कमांड रूम पहिल्या ड्रॉइंगपासूनच त्यात असू द्या, मागाहून कोंबलेली नको. इंजिन, तोफा मेकॅनिकलवाल्यांनी सांभाळाव्यात, आमची ना नाही. फक्त जहाजाचे कान आमच्याकडे द्या!

मेकॅनिकलवाल्यांची उत्तरं पुढच्या अंकात वाचायला आवडतील.