'२३ जम्प स्ट्रीट' कुठे अडला? नाचणारा पोलीस आणि हॉलिवूडचं बिघडलेलं गणित

दोन चित्रपट आले. दोन्ही मिळून जगभरात सुमारे ५३ कोटी डॉलरची कमाई झाली. तिसऱ्या भागाची पटकथाही लिहून झाली. मुख्य कलाकार जाहीरपणे सांगतो की मला हा सिनेमा करायचा आहे. तरीही २०१४ नंतर 'जम्प स्ट्रीट' मालिकेत एकही नवा चित्रपट आलेला नाही.

हॉलिवूडमध्ये चाललेल्या चित्रपटाचा पुढचा भाग काढणं हा नियमच झाला आहे. मग इथे घोडं कुठे अडलं? उत्तर शोधताना दोन गोष्टी बघाव्या लागतात. चॅनिंग टेटम नावाचा नर्तक विनोदी पोलीस कसा झाला, ही एक. आणि ज्या प्रकारच्या सिनेमाने त्याला घडवलं तो प्रकारच का आटत चालला आहे, ही दुसरी.

'बडी कॉप' म्हणजे नेमकं काय?

एकमेकांशी अजिबात न जुळणारे दोन पोलीस, त्यांना नाइलाजाने एकत्र करावा लागणारा तपास, वाटेत भांडणं, गोळीबार, गाड्यांचे पाठलाग आणि शेवटी घट्ट मैत्री. या साच्याला 'बडी कॉप' म्हणतात. '४८ अवर्स' (१९८२) आणि 'लेथल वेपन' (१९८७) या चित्रपटांनी तो लोकप्रिय केला, 'रश अवर'ने (१९९८) त्यात जॅकी चॅन आणला. हिंदीत 'मैं खिलाडी तू अनाडी' (१९९४) याच घरातला, फक्त तिथे जोडीतला एक जण पोलीस नसून सिनेमाचा नट होता.

'२१ जम्प स्ट्रीट' मार्च २०१२ मध्ये आला. १९८७ ते १९९१ या काळात अमेरिकेत याच नावाची मालिका दूरचित्रवाणीवर चालली होती आणि तिने जॉनी डेपला घराघरांत पोहोचवलं होतं. ती मालिका गंभीर होती. दिग्दर्शक फिल लॉर्ड आणि ख्रिस मिलर यांनी तिची कॉमेडी केली. तरुण दिसणारे दोन पोलीस वेषांतर करून शाळेत शिरतात आणि अमली पदार्थांचा माग काढतात, एवढीच कथा. श्मिट झाला जोना हिल, जेन्को झाला टेटम.

गंमत अशी की जेन्को आपल्या शाळेच्या दिवसांत सगळ्यांचा हिरो होता. काही वर्षांनी तो परत शाळेत जातो, तेव्हा दांडगाई करणाऱ्याला कुणी विचारत नाही. पर्यावरणावर बोलणारी, अभ्यासू मुलं आता भाव खाऊन जातात. बॅग एकाच खांद्यावर अडकवण्याची त्याची ऐटसुद्धा जुनी ठरते. देखणा, पिळदार माणूस वर्गात सगळ्यांत मागे पडतो, यातून निम्मा विनोद येतो.

टेटम आला कुठून?

टेटमचा जन्म १९८० चा, अमेरिकेच्या अलाबामा राज्यातला. फुटबॉलच्या शिष्यवृत्तीवर तो कॉलेजात गेला, पण ते अर्धवट सोडलं. मिळेल ती कामं केली. फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात त्याने रात्रीच्या क्लबमध्ये कपडे उतरवत नाचण्याचं कामही केलं. २००० साली रिकी मार्टिनच्या 'शी बँग्स' या गाण्याच्या व्हिडिओत तो मागे नाचणाऱ्यांमध्ये होता.

२००६ च्या 'स्टेप अप'ने त्याला नाव दिलं. सुमारे १.२ कोटी डॉलरमध्ये बनलेल्या या नृत्यपटाने ११ कोटींहून अधिक कमावले. पण त्यानंतर त्याच्यावर शिक्का बसला: दिसायला छान, नाचायला उत्तम, अभिनयाचं मात्र काही खरं नाही.

२०१२ मध्ये तो शिक्का पुसला गेला. त्या एका वर्षात त्याच्या तीन चित्रपटांनी उत्तर अमेरिकेत प्रत्येकी १० कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला: प्रेमकथा 'द व्हाऊ', '२१ जम्प स्ट्रीट' आणि 'मॅजिक माइक'. शेवटच्या चित्रपटाचं बीज त्याच्या क्लबमधल्या दिवसांत होतं. त्यासाठी तो आणि दिग्दर्शक स्टीव्हन सोडरबर्ग यांनी स्वतःच्या खिशातून पैसे घातले. खर्च सुमारे ७० लाख डॉलर, कमाई १६ कोटींहून जास्त.

नाचाचा विनोदाशी काय संबंध?

मारामारी असो, पडणं-धडपडणं असो की नाच, सगळ्याचा पाया एकच आहे: ताल. कोणत्या क्षणी थांबायचं, तोल कुठे सोडायचा, शरीर किती सैल ठेवायचं, हे नर्तकाच्या अंगात मुरलेलं असतं. '२१ जम्प स्ट्रीट'मध्ये नशेच्या अंमलाखाली जेन्को वाद्यवृंदाच्या वर्गात घुसतो आणि तिथल्या भल्या मोठ्या घंटेवर झेप घेतो. दुसऱ्या भागात आपल्या जोडीदाराने साहेबांच्याच मुलीशी सूत जुळवलंय हे कळल्यावर तो अख्ख्या कार्यालयात आनंदाने नाचत सुटतो. या प्रसंगांत संवादांपेक्षा शरीरच जास्त बोलतं.

मराठी प्रेक्षकांना यात नवल वाटू नये. अमरावतीत जन्मलेले भगवानदादा पालव कमी खर्चाच्या मारधाडपटांतून पुढे आले आणि १९५१ च्या 'अलबेला'नंतर नाच हीच त्यांची ओळख झाली. त्यांचा प्रवास टेटमच्या उलट दिशेने झाला, पण दोघांचं भांडवल एकच.

या भांडवलाचा धंद्याशीही संबंध आहे. शाब्दिक कोटी परदेशात पोहोचत नाही, पडणारा माणूस मात्र सगळीकडे हसवतो. पहिल्या भागाच्या सुमारे २० कोटी डॉलरपैकी उत्तर अमेरिकेबाहेरून आले ६.३ कोटी. '२२ जम्प स्ट्रीट'च्या (२०१४) ३३ कोटींपैकी बाहेरून आले जवळपास १४ कोटी. म्हणजे परदेशातली कमाई दुपटीहून अधिक वाढली.

मग तिसरा भाग का नाही?

पहिली अडचण विनोदातच होती. '२२ जम्प स्ट्रीट'च्या शेवटी श्रेयनामावलीसोबत पुढच्या भागांच्या खोट्या जाहिराती एकामागून एक येतात: वैद्यकीय महाविद्यालय, स्वयंपाकाची शाळा आणि असंच बरंच काही. पुढचे भाग काढण्याच्या हॉलिवूडच्या सवयीची ती टिंगल होती. एकदा अशी टिंगल केल्यावर खरा तिसरा भाग कोणत्या तोंडाने काढायचा?

त्यावर एक भन्नाट उपाय निघाला. या दोन पोलिसांना सोनी स्टुडिओच्याच 'मेन इन ब्लॅक'च्या दुनियेत, म्हणजे परग्रहवासीयांमध्ये पाठवायचं. २०१४ च्या शेवटी सोनीवर सायबर हल्ला झाला आणि फुटलेल्या ईमेलमधून ही कल्पना जगजाहीर झाली. २०१६ मध्ये स्टुडिओने तिला अधिकृत दुजोरा दिला. मग ती थंड पडली. तिच्याऐवजी २०१९ मध्ये 'मेन इन ब्लॅक: इंटरनॅशनल' आला आणि अपेक्षेपेक्षा खूपच कमी चालला. तिसऱ्या भागाची पटकथा अप्रतिम होती, असं टेटम आजही सांगतो.

२०२५ मध्ये त्याने खरी अडचण उघडपणे मांडली: निर्मात्यांचा वरखर्च. चित्रपटाचं बजेट दोन भागांत असतं. एक, प्रत्यक्ष चित्रीकरणाचा खर्च. दुसरा, लेखक, दिग्दर्शक, मुख्य कलाकार आणि निर्माते यांचं मानधन. मालिका यशस्वी झाली की या दुसऱ्या भागातला प्रत्येक जण जास्त मागतो. दोन मालिका एकत्र आल्या तर हक्कदारही वाढतात. टेटमच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की सिनेमा बनवण्याइतकाच पैसा या वरखर्चात जाणार असेल, तर तो उभाच राहू शकत नाही.

हे एका सिनेमापुरतं आहे का?

नाही. '२१ जम्प स्ट्रीट' सुमारे ४.२ कोटी डॉलरमध्ये बनला होता. या मधल्या खर्चाच्या कॉमेडीला पूर्वी डीव्हीडीच्या विक्रीचा आधार असे. चित्रपटगृहात गल्ला कमी जमला तरी नंतर भरपाई होई. तो बाजार कोसळला आणि असे सिनेमे थेट ओटीटीकडे वळले. मोठ्या पडद्यावर राहिले ते मुख्यतः महागडे सुपरहिरो आणि स्वस्त भयपट.

पोलिसांवरची कॉमेडी लिहिणंही अवघड झालं. २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर अमेरिकेत पोलिसांकडे बघण्याची नजर बदलली. 'ब्रुकलिन नाइन-नाइन' या लोकप्रिय मालिकेने तेव्हा लिहून तयार असलेले भाग बाजूला ठेवून नव्याने सुरुवात केली.

तरी प्रेक्षक संपलेला नाही. 'बॅड बॉइज: राइड ऑर डाय'ने २०२४ मध्ये ४० कोटी डॉलरहून अधिक कमावले. 'द नेकेड गन'ने २०२५ मध्ये १० कोटींच्या आसपास मजल मारली, तीही '२१ जम्प स्ट्रीट'एवढ्याच बजेटमध्ये.

पणाला काय लागलंय?

टेटमचं तसं काही अडलेलं नाही. 'डेडपूल अँड वुल्व्हरिन'मध्ये (२०२४) त्याला छोटी, पण टाळ्या घेणारी भूमिका मिळाली. 'रूफमॅन'मधल्या (२०२५) त्याच्या अभिनयाचं कौतुक झालं. खरा प्रश्न त्याच्या मागून येणाऱ्यांचा आहे. गाण्याच्या व्हिडिओत मागच्या रांगेत नाचणाऱ्याला नायक होण्यासाठी मधल्या पायऱ्या लागतात. 'स्टेप अप' ही एक पायरी होती, 'जम्प स्ट्रीट' दुसरी. विसाव्या मजल्याच्या बजेटमध्ये कुणी नवख्यावर डाव लावत नाही.

या कोंडीतून बाहेर पडण्याचा मार्ग टेटमनेच २०१२ मध्ये दाखवला होता. 'मॅजिक माइक'मध्ये पैसा कमी होता, वाटेकरी कमी होते, म्हणून जोखीमही झेपली. '२३ जम्प स्ट्रीट' निघायचा असेल तर मानधन घेणाऱ्या सगळ्यांना, अगदी टेटमलासुद्धा, आधी कमी घेऊन नफ्यात वाटा मागावा लागेल. आधीच्या दोन भागांत हे दोघे विद्यार्थी म्हणून थोराड दिसतात यावर भरपूर हशा झाला होता. तो विनोद जितका उशीर होईल तितका जास्त रंगेल. घंटेवर झेप घेणारं शरीर मात्र तितके दिवस थांबणार नाही.