सामान्यांच्या चेहऱ्यांचे दप्तर

सरकारी दप्तरात माणसाची जमीन नोंदली जाते, शेतसारा नोंदला जातो, जन्म आणि मृत्यूही नोंदले जातात. त्याच्या चेहऱ्याची नोंद ठेवण्याचे काम मात्र लहान गावांतील फोटो स्टुडिओंनी केले. कृष्णा-तारळीच्या संगमावर, पुणे-बंगळूर हमरस्त्यावर वसलेल्या उंब्रजसारख्या बाजारगावी आसपासच्या खेड्यांतील माणूस बाजाराला, दवाखान्याला येतो, तसा तो फोटोसाठीही येत असे. लग्न ठरवायचे म्हणून मुलीचा, परीक्षेच्या अर्जासाठी मुलाचा, सैन्यात भरती झालेल्या जवानाचा गणवेशातला आणि मागे आठवण राहावी म्हणून थकलेल्या आईचा. या फोटोंना कोणी कला म्हटले नाही. परंतु ज्यांच्यावर ग्रंथ लिहिले जात नाहीत, अशा माणसांचा एवढा विश्वासू पुरावा दुसरा नाही.

त्याचे मोल कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. मुंबईत विल्यम जॉन्सन याने १८६३ व १८६६ मध्ये तेथील जाती-जमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड प्रसिद्ध केले. माणसांचे फोटो एका ठिकाणी काढायचे आणि त्यांच्या पाठीमागे दुसऱ्याच ठिकाणचे दृश्य जोडायचे, अशी त्यांतील अनेक चित्रांची घडण. माणसाची ओळख त्याच्या जातीपुरती. नाव विचारण्याची गरज भासली नाही. पुढे १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ हे आठ खंड सरकारच्या आश्रयाने निघाले, तेही याच दृष्टीने. तेथे माणूस हा नमुना होता.

गावच्या स्टुडिओने हे नाते उलटे केले. येथे पैसे देणारा गिऱ्हाईक होता. कसे बसायचे, कोणता सदरा घालायचा, हे तो आपल्या मनाने ठरवी. वेळप्रसंगी कोट उसना घेई. निगेटिव्हच्या पाकिटावर त्याचे नाव लिहिले जाई. जातीच्या मथळ्याखालून स्वतःच्या नावापर्यंतचा हा प्रवास लहान नव्हे.

मात्र स्टुडिओच्या पायरीपर्यंत न पोहोचणारी माणसेही असतात. अकोल्यात जन्मलेले सुधारक ओलवे यांनी मुंबईत वृत्तपत्र-छायाचित्रकार म्हणून काम करताना महापालिकेच्या सफाई कामगारांकडे कॅमेरा वळवला आणि त्यांच्या जगण्याची चित्रे टिपली. ज्यांच्या श्रमावर शहर उभे आहे, त्यांच्याकडे पाहणे शहराला भाग पडले. ओलवे यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, हे योग्यच झाले. परंतु हाताने मैला साफ करण्यास मनाई करणारा कायदा २०१३ मध्ये होऊनही, गटारात मरण पावणाऱ्यांच्या वारसांना तीस लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २०२३ मध्ये द्यावा लागला. छायाचित्र डोळे उघडते. पुढचे पाऊल समाजाला आणि शासनालाच टाकावे लागते.

आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, मग जुन्या निगेटिव्ह हव्यात कशाला, असे कोणी विचारील. मोबाइल बिघडला की त्यातील हजार चित्रे एका दिवसात नाहीशी होतात, आणि त्यांच्यावर नावे तर कोणीच लिहीत नाही. उलट जुन्या स्टुडिओंचा साठा फिल्मबरोबरच कालबाह्य ठरला. कोठे तो माळ्यावर दमटपणाने खराब होतो, कोठे फिल्ममधील चांदीसाठी भंगारात जातो. २०१९ च्या महापुरात कृष्णाकाठची हजारो घरे पाण्यात गेली. असे कागद आणि फिल्म पाण्यापुढे टिकत नाहीत.

हा ठेवा वाचवण्यास मोठ्या अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. गावचे ग्रंथालय, हायस्कूल आणि महाविद्यालय यांनी मनावर घेतले, तर विद्यार्थी निगेटिव्हच्या प्रती काढू शकतील आणि वृद्धांना विचारून नावे, गाव, वर्ष नोंदवू शकतील. अट एकच. घरच्यांच्या संमतीवाचून कोणाचाही फोटो, विशेषतः मुलीबाळींचा, भिंतीवर लागता कामा नये. नाही तर आपणही जॉन्सनच्याच वाटेने गेलो, असे होईल. घाईही केली पाहिजे. चेहरा निगेटिव्हवर अजून काही वर्षे टिकेल. पण तो कोणाचा, हे सांगणारी माणसे दर वर्षी कमी होत आहेत.