महिन्याचे दिवस किती? संगणकाला न सुटलेले सोपे कोडे

शाळेत मूठ आवळून महिन्यांचे दिवस मोजायला प्रत्येकाने शिकलेले असते. बोटांच्या मुळाशी असलेला उंचवटा म्हणजे ३१ दिवस, दोन उंचवट्यांमधली खाच म्हणजे ३० दिवस आणि फेब्रुवारी तेवढा अपवाद. तिसरी-चौथीतला मुलगा जे गणित बिनचूक सोडवतो, तेच गणित गेल्या दोन दशकांत जगातील बलाढ्य संगणक कंपन्यांना वारंवार चुकवून गेले आहे. मोबाइलचे रिचार्ज, कर्जाचे हप्ते, पगार, विम्याची मुदत असे सारेच व्यवहार आता मोबाइलमधील अॅपच्या भरवशावर चालतात. त्यामुळे 'महिना म्हणजे किती दिवस' हा प्रश्न केवळ संगणकतज्ज्ञांपुरता उरलेला नाही, तो ग्राहकाच्या खिशाशी येऊन भिडला आहे.

३१ डिसेंबरला थांबलेले संगीत

या चुकीचे सर्वांत गाजलेले उदाहरण ३१ डिसेंबर २००८ चे. मायक्रोसॉफ्टच्या 'झून' या संगीतवाद्याचे ३० गिगाबाइट क्षमतेचे जुने मॉडेल त्या दिवशी एकाएकी बंद पडले. २००८ हे लीप वर्ष होते आणि ३१ डिसेंबर हा त्याचा ३६६ वा दिवस. आतील घड्याळाच्या प्रोग्रॅममध्ये दिवसांची संख्या ३६५ पेक्षा जास्त असेपर्यंत वर्ष वजा करत राहण्याची सूचना होती. वर्ष लीप असेल आणि दिवस ३६६ पेक्षा जास्त असतील, तर ३६६ वजा करायचे, असेही त्यात लिहिलेले होते. मात्र दिवस बरोबर ३६६ असतील तर काय करायचे, याचे उत्तर त्यात नव्हते. परिणामी प्रोग्रॅम एकाच जागी अविरत फिरत राहिला. बॅटरी पूर्ण संपू द्या आणि १ जानेवारीला दुपारनंतर यंत्र पुन्हा सुरू करा, एवढाच उपाय कंपनीला सुचवता आला.

पुढे १ मार्च २०१० रोजी सोनीच्या प्लेस्टेशन ३ च्या जुन्या मॉडेल्सना २०१० हे लीप वर्ष असल्याचा भास झाला आणि असंख्य खेळाडूंना नेटवर्कवर प्रवेश मिळेना. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी मायक्रोसॉफ्टची 'अझूर' ही क्लाउड सेवा कोलमडली. तेथे एका सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत ठरवताना प्रोग्रॅमने वर्षाच्या आकड्यात फक्त एक मिळवला. त्यातून २९ फेब्रुवारी २०१३ ही तारीख तयार झाली, जी दिनदर्शिकेत अस्तित्वातच नव्हती. अलीकडचे उदाहरण २९ फेब्रुवारी २०२४ चे. न्यूझीलंडमध्ये अनेक स्वयंसेवा पेट्रोल पंपांवरील कार्डाने पैसे घेणारी यंत्रे त्या दिवशी काही तास ठप्प झाली.

या चारही घटनांत यंत्र बिघडले नव्हते आणि कोणी घुसखोरीही केली नव्हती. दिनदर्शिकेचा एक नियम अर्धवट लिहिला गेला होता, इतकेच.

नियम साधा, अपवाद अवघड

ग्रेगोरियन दिनदर्शिका १५८२ मध्ये अमलात आली. तिच्या नियमानुसार चारने भाग जाणारे वर्ष लीप असते. शतकाचे वर्ष मात्र ४०० ने भाग गेला तरच लीप धरले जाते. म्हणून १९०० लीप नव्हते, २००० होते आणि २१०० नसेल. केवळ चारचा नियम लिहिणाऱ्या प्रोग्रॅमरची चूक १९०१ ते २०९९ या काळात कधीच उघडी पडत नाही. चूक लपून राहण्यासाठी जवळजवळ दोनशे वर्षांची ही सोय पुरेशी ठरते. 'लोटस १-२-३' या जुन्या हिशेबपत्रक प्रणालीने १९०० हे लीप वर्ष मानले होते. तिच्या फायली आपल्याकडेही चालाव्यात म्हणून 'एक्सेल'ने ती चूक जाणीवपूर्वक स्वीकारली. त्यामुळे एक्सेलच्या तारखांमध्ये २९ फेब्रुवारी १९०० हा कधीही न उगवलेला दिवस आजही नांदतो आहे.

महिन्याचे दिवस काढण्यासाठी बारा आकड्यांचा तक्ता लिहून ठेवणे हा एक मार्ग. त्यापेक्षा चतुर मार्ग म्हणजे पुढल्या महिन्याची पहिली तारीख घेऊन त्यातून एक दिवस वजा करणे. जो दिवस हाती येतो, तोच चालू महिन्याचा शेवटचा दिवस. जावास्क्रिप्ट या संगणकभाषेत याच युक्तीचे आणखी आटोपशीर रूप प्रचलित आहे. त्यात पुढल्या महिन्याची 'शून्यावी' तारीख मागितली जाते आणि संगणक निमूटपणे मागील महिन्याचा अखेरचा दिवस देतो.

गोंधळ होतो तो येथेच. जावास्क्रिप्ट महिने शून्यापासून मोजते. तिच्या लेखी जानेवारी शून्य, फेब्रुवारी एक आणि मार्च दोन. फेब्रुवारीचे दिवस हवे असतील तर मार्चचा, म्हणजे दोन हा क्रमांक द्यावा लागतो. फेब्रुवारीचा म्हणून कोणी एक दिला, तर उत्तर ३१ येते, कारण तो जानेवारीचा अखेरचा दिवस ठरतो. संगणक कोणतीही तक्रार करत नाही. एकाच्या फरकाची ही चूक चाचणीत सापडली नाही, तर थेट ग्राहकापर्यंत पोहोचते.

३१ जानेवारीनंतर एक महिना

दिवसांची संख्या अचूक मिळाली तरी प्रश्न संपत नाही. ३१ जानेवारीत एक महिना मिळवला तर कोणती तारीख येईल? या प्रश्नाला निरनिराळ्या प्रणाली निरनिराळे उत्तर देतात. जावाची २०१४ पासूनची नवी तारीख-व्यवस्था आणि मायएसक्यूएल ही माहितीसाठ्याची प्रणाली साध्या वर्षात २८ फेब्रुवारी सांगते. जावास्क्रिप्ट आणि पीएचपी यांचे नेहमीचे उत्तर मात्र ३ मार्च असे येते. फेब्रुवारीत न मावलेले तीन दिवस त्या पुढील महिन्यात ढकलतात.

कर्जाच्या हप्त्यावर याचा परिणाम काय होईल, हे पाहण्यासारखे आहे. ३१ जानेवारी २०२५ पासून दरमहा हप्ता आहे असे समजू. दुसऱ्या पद्धतीने हिशेब केल्यास फेब्रुवारीत एकही हप्ता पडत नाही आणि मार्चमध्ये ३ व ३१ तारखेला असे दोन पडतात. एप्रिल पुन्हा कोरडा जातो आणि मे महिन्यात १ व ३१ तारखेला दोन हप्ते येतात. महिना म्हणजे सरसकट ३० दिवस धरणाऱ्या प्रोग्रॅममध्येही हेच घडते. १ जानेवारीनंतरच्या तारखा ३१ जानेवारी, २ मार्च, १ एप्रिल अशा येतात आणि फेब्रुवारी मधल्या मध्ये गळतो. ज्याचा पगार महिन्यातून एकदाच होतो, त्याच्या खात्यातून एका महिन्यात दोन हप्ते वळते होऊ लागले तर दुसऱ्या वेळी शिल्लक अपुरी पडणे आणि त्यापोटी दंड बसणे स्वाभाविक आहे. दोष प्रोग्रॅमचा असला तरी भुर्दंड मात्र ग्राहकाला पडतो.

पहिली पद्धतही सर्वस्वी निर्दोष नाही. २८ फेब्रुवारीत पुन्हा एक महिना मिळवला तर २८ मार्च येतो आणि मूळची ३१ तारीख कायमची हरवते. म्हणून प्रत्येक वेळी आधीच्या हप्त्यापासून नव्हे, तर मूळ तारखेपासून मोजणे हाच बिनधोक मार्ग ठरतो.

तेरावा रिचार्ज

काही वेळा महिन्याची व्याख्या चुकीने नव्हे, तर व्यापारी सोयीने बदलते. प्रीपेड मोबाइलच्या २८ दिवसांच्या योजना हे त्याचे घरोघरी परिचित उदाहरण. २८ दिवसांचे तेरा रिचार्ज केले की ३६४ दिवस भरतात. 'महिन्याचा' म्हणून घेतलेला रिचार्ज वर्षातून बारा नव्हे, तेरा वेळा करावा लागतो. ग्राहकांच्या तक्रारींनंतर भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, अर्थात 'ट्राय'ने, २७ जानेवारी २०२२ रोजी आदेश काढला. प्रत्येक कंपनीने ३० दिवसांची आणि दर महिन्याला त्याच तारखेला नूतनीकरण होणारी किमान एकेक योजना द्यावी, असे त्यात बजावले गेले. महत्त्वाचे म्हणजे एखाद्या महिन्यात ती तारीख नसेल तर महिन्याचा अखेरचा दिवस धरावा, हेही आदेशातच स्पष्ट करण्यात आले. प्रोग्रॅमरच्या मर्जीवर सोपवला जाणारा निर्णय येथे नियामकाने स्वतः घेतला. २८ दिवसांच्या योजनांवर मात्र या आदेशाने बंदी आणली नाही. पर्याय उपलब्ध झाला, निवड ग्राहकाकडे राहिली.

कायद्यातला महिना

कायद्यानेही या प्रश्नाचा विचार केला आहे. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमात महिना म्हणजे ब्रिटिश दिनदर्शिकेप्रमाणे मोजलेला महिना, अशी व्याख्या आहे. लवाद कायद्यातील मुदतीसंदर्भात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये हिमाचल प्रदेशाच्या एका प्रकरणात तीन महिने म्हणजे ९० दिवस नव्हेत, असा निर्वाळा दिला. एखाद-दुसऱ्या दिवसाच्या फरकाने अर्ज मुदतबाह्य ठरू शकत असल्याने हा भेद किरकोळ म्हणता येणार नाही.

व्यवहारात मात्र महिन्याची रूपे अनेक आहेत. केंद्र सरकारच्या मुदतबंद रोख्यांवरील व्याज प्रत्येक महिना ३० दिवसांचा आणि वर्ष ३६० दिवसांचे धरून मोजले जाते. १९७२ च्या कायद्यापासून चालत आलेल्या ग्रॅच्युइटीच्या सूत्रात मासिक वेतनाला २६ ने भागले जाते. बचत खात्यावरील व्याज पूर्वी महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकेवर मिळत असे. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार १ एप्रिल २०१० पासून ते दररोजच्या शिलकेवर मिळू लागले आणि खातेदारांचा लाभ झाला. हिशेबाचे एकक बदलले की पैसा कोणाच्या बाजूला झुकतो, हे यावरून दिसते.

भारतीय समाजाला महिन्याची ही लवचिकता नवी नाही. पंचांगातील चांद्रमास कधी २९, तर कधी ३० दिवसांचा असतो आणि २०२३ सारख्या वर्षी अधिक मासामुळे श्रावण दोनदा येतो. २२ मार्च १९५७ रोजी स्वीकारलेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत वैशाख ते भाद्रपद हे पाच महिने ३१ दिवसांचे, तर आश्विन ते फाल्गुन ३० दिवसांचे आहेत. चैत्र ३० दिवसांचा असून लीप वर्षात तो ३१ दिवसांचा होतो. मात्र पंचांगकर्ता आपली गणनापद्धती आधी जाहीर करतो. अॅप ती सांगत नाही, हा कळीचा फरक आहे.

पारदर्शकतेची गरज

तांत्रिक उपाय अवघड नाहीत. तारखांचे गणित नव्याने लिहिण्याऐवजी भाषेसोबत येणाऱ्या तपासलेल्या सुविधा वापरणे, ३१ जानेवारी, २८ व २९ फेब्रुवारी, ३१ डिसेंबर आणि २१०० हे वर्ष यांवर हटकून चाचणी घेणे, एवढ्याने बहुतेक चुका टळू शकतात. पुढील २९ फेब्रुवारी २०२८ मध्ये येईल. तोवर तयारीला वेळ आहे.

खरा प्रश्न धोरणाचा आहे. 'मासिक' हा शब्द वापरून पैसे घेणाऱ्या प्रत्येक सेवेने आपला महिना किती दिवसांचा आणि ३१ तारीख नसलेल्या महिन्यात वसुली कधी, हे अटींमध्ये एका ओळीत स्पष्ट सांगायला हवे. 'ट्राय'ने मोबाइलपुरते जे केले, ते कर्जवसुली करणाऱ्या आणि वर्गणी घेणाऱ्या अॅपबाबतही घडणे आवश्यक आहे. तोपर्यंत आपल्या हप्त्यांच्या तारखा दिनदर्शिकेशी ताडून पाहणे ग्राहकाच्याच हिताचे ठरेल. त्यासाठी संगणकाची गरज नाही. शाळेत शिकलेली मूठ त्या कामाला आजही पुरेशी आहे.