चालकाविना मोटार : जाब कोणाला विचारायचा?

मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, तेव्हा नांदेड-लातूर रस्त्यावर मोटारींच्या बरोबरीने घोडे आणि गाढवेही चालू लागतात. ऊसतोडीचे दिवसही तेच. उसाने लादलेल्या ट्रॉल्यांना मागे दिवा असला तर नशीब! विद्यार्थी मित्रहो, या रस्त्यावर उद्या चालक नसलेली मोटार आली, तर ती हे सारे ओळखील काय?

अशा मोटारीला कॅमेरा असतो, रडार असते, लेसर किरणांनी अंतर मोजणारे लायडार असते. संगणक समोरच्या वस्तूला आधी नाव देतो आणि त्यावरून ती पुढे कुठे जाईल याचा अंदाज बांधतो. नावच चुकले तर? १८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेतील टेंपी शहरात एक बाई सायकल हाताने ढकलीत रस्ता ओलांडत होती. उबर कंपनीच्या चाचणीतील मोटारीने तिला ५.६ सेकंद आधी टिपले. पण संगणक तिला कधी मोटार समजला, कधी अनोळखी वस्तू, कधी सायकल. आणि दर वेळी अंदाज नव्याने बांधू लागला. पट्टे नसलेल्या जागी माणूस रस्ता ओलांडील, हे त्याच्या आज्ञावलीत धरलेच नव्हते. (आपल्याकडे पट्ट्यांवरून जाणारा माणूस शोधावा लागतो!) ती बाई दगावली.

मोटारीत देखरेखीला बसलेल्या स्त्रीचे लक्ष फोनकडे होते. तिने गुन्हा कबूल केला आणि २०२३ मध्ये तिला तीन वर्षे परिवीक्षेची शिक्षा झाली. तिची चूक होतीच. पण मोटारीतली मूळची, आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा कंपनीनेच चाचणीपुरती बंद ठेवली होती. कंपनीवर मात्र फौजदारी खटला झाला नाही. हा न्याय मला अर्धा वाटतो.

चालकांचा रोजगार जाईल म्हणून अशा मोटारी भारतात येऊ देणार नाही, असे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी २०१७ मध्ये म्हणाले. मुद्दा खरा आहे, पण तेवढ्याने भागत नाही. आपला १९८८ चा मोटार वाहन कायदा परवानाधारक चालक गृहीत धरतो. २०१९ च्या दुरुस्तीने मात्र संशोधनासाठी काही वाहनांना या कायद्यातून सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला. ती सूट देण्याआधी दोन अटी लेखी हव्यात, असे माझे मत आहे. यंत्र चालवीत असताना अपघात झाला, तर पहिला जाब यंत्र बनवणाऱ्याने द्यावा. आणि शेवटच्या क्षणांत संगणकाने काय पाहिले, काय ठरवले, याची पूर्ण नोंद तपास करणाऱ्यांच्या हाती द्यावी. मग समोर माणूस असो की दिवा नसलेली ट्रॉली.